नाणेघाट ते सिद्धगड : थोरांच्या मनातील लोकैषणा

मनुष्यस्वभावातील बहुतेक दुर्बलता लहानथोर सर्वांमध्ये सारख्याच आढळतात आणि लोभ, मत्सर किंवा भय यांनी कोणाला वगळले असे दिसत नाही. कीर्तीच्या इच्छेचे मात्र तसे नाही. ज्यांनी पैशाचा मोह सोडला, शरीराला कष्टांची सवय लावली आणि स्वतःचे आयुष्य दुसऱ्यांच्या कामी घातले, अशाच माणसांच्या ठिकाणी ही इच्छा अनेकदा अधिक बळावलेली दिसते. बृहदारण्यक उपनिषदात माणसाला बांधून ठेवणाऱ्या तीन एषणा, म्हणजे तीन तीव्र इच्छा, सांगितल्या आहेत: पुत्राची, वित्ताची आणि लोकाची. त्यांपैकी तिसरी मूळ संदर्भात परलोकाच्या प्राप्तीशी जोडलेली असली, तरी मराठीत लोकैषणा हा शब्द लोकांनी आपल्याला ओळखावे, मानावे आणि आपल्यामागेही आपले नाव घ्यावे या इच्छेसाठी रूढ झाला आहे, आणि या लेखातही तो त्याच अर्थाने योजला आहे. पहिल्या दोन एषणांचा त्याग करणारा माणूस तिसरीपाशी का अडतो, हा प्रश्न भारतीय विचारवंतांप्रमाणेच पाश्चात्त्यांनाही पडलेला आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने सम्राट व्हेस्पेशियनला सिनेटमध्ये निर्भयपणे विरोध करणाऱ्या आणि त्यापायी हद्दपारी व मृत्यू पत्करणाऱ्या हेल्विडियस प्रिस्कसविषयी लिहिताना नोंदवले आहे, की काही लोकांना हा सत्शील माणूस कीर्तीचा जरा जास्तच भुकेला वाटे, कारण शहाण्यांच्या मनातूनही ही वासना सर्वांत शेवटी जाते. इंग्रज कवी मिल्टन यानेही १६३७ मध्ये लिहिलेल्या एका शोककाव्यात कीर्तीच्या ओढीला उदात्त मनाची अखेरची दुर्बलता ठरवले.

मराठी परंपरेत या प्रश्नाला आणखी एक पीळ आहे. येथे कीर्ती निषिद्ध मानलेली नाही. समर्थ रामदासांनी मनाच्या श्लोकांत देह पडल्यावर कीर्ती मागे राहील असे वागण्याचा उपदेश केला आहे आणि शतकानुशतके घराघरांतील मुलांनी तो पाठ केला आहे. ज्या समाजात मुलाला लहानपणीच नाव काढण्याचा आशीर्वाद मिळतो, त्या समाजात मोठेपणी नावाची ओढ सोडण्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याला परस्परविरोधी दोन आज्ञा देण्यासारखे आहे. या दोन आज्ञांमध्ये थोर माणसे कशी सापडतात आणि त्यातून कशी सुटतात, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसोबाच्या यात्रेसाठी आणि त्या यात्रेतील बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. या गावाच्या पूर्वेला सह्याद्रीची जी भिंत उभी आहे, तिच्यावरील दोन जागा, उत्तरेकडे नाणेघाट आणि दक्षिणेकडे सिद्धगड, या प्रश्नाच्या दोन टोकांसारख्या आहेत.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे गाव लागते आणि तेथून नाणेघाटाची वाट चढू लागते. ठाणे आणि पुणे या जिल्ह्यांच्या सीमेवरील हा घाट कल्याण आणि सोपारा या बंदरांना घाटमाथ्यावरील जुन्नरशी जोडणारा प्राचीन व्यापारी मार्ग होता. घाट जेथे संपतो तेथील लेण्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत सातवाहन राजघराण्याचा एक मोठा लेख कोरलेला आहे. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा असल्याचे सामान्यतः मानले जाते. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्याशी हा लेख जोडला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दानाची नोंद आहे: हजारोंच्या संख्येने गाई, घोडे, हत्ती, गावे, वस्त्रे आणि कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या वर त्याचे नाव कोरले होते. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन ही नावे अजून वाचता येतात. पुतळे मात्र नष्ट झाले असून त्यांच्या पावलांच्या काही खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

या लेखाकडे केवळ राजवैभवाची जाहिरात म्हणून पाहणे योग्य होणार नाही. त्यात जिचे वर्णन आहे ती राणी महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीचे जीवन जगणारी आणि ब्रह्मचर्य पाळणारी आहे. संपत्तीवर तिची पकड नाही, कारण ती हजारो गाई देऊन मोकळी झाली आहे. सुखावरही नाही, कारण तिने उपवास स्वीकारले आहेत. असे असूनही आपण किती दिले आणि किती उपवास केले, हे सर्वांना कळावे असे तिला किंवा तिच्या वतीने लेख कोरवणाऱ्याला वाटले, आणि त्यासाठी एखाद्या देवालयाचा गाभारा न निवडता बैलांचे तांडे, व्यापारी आणि प्रवासी ज्या खिंडीतून गेल्याशिवाय पुढे जाऊच शकत नव्हते ती खिंड निवडली गेली. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगताना सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून केलेले तप राजस, म्हणजे रजोगुणातून आलेले आणि म्हणूनच अस्थिर, ठरवले आहे. या कसोटीवर नाणेघाटातील तप कोठे बसते, हे ठरवणे अवघड नाही. तरीही राणीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन मुलांच्या वतीने राज्य सांभाळणारी स्त्री म्हणून अभ्यासक तिच्याकडे पाहतात, आणि अशा परिस्थितीत घराण्याची प्रतिष्ठा लोकांपुढे ठेवणे हे राज्य टिकवण्याचेच साधन होते. कीर्ती येथे राज्यकारभाराची गरज होती, आणि गरज कोठे संपली व ओढ कोठे सुरू झाली हे त्या राणीलाही कदाचित सांगता आले नसते. थोर माणसांच्या लोकैषणेची खरी अडचण नेमकी याच जागी आहे.

पुढे या लेखाचे जे झाले, ते या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. ब्राह्मी लिपी विस्मृतीत गेल्यामुळे शेकडो वर्षे त्या खिंडीतून जाणाऱ्या कोणालाही तो वाचता आला नाही, आणि ज्यांच्यासाठी तो कोरला होता ती वाटसरूंची वर्दळ त्याच्यापुढून मुकाट जात राहिली. घाटाच्या तोंडाशी असलेल्या कड्याला लोक नानाचा अंगठा म्हणतात. लोकस्मृतीने राणीचे नाव तेथे ठेवले नाही. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मी लिपी पुन्हा वाचता येऊ लागल्यावर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखाचा अभ्यास केला आणि त्यातील आकड्यांवर १८७६ मध्ये निबंध लिहिला. दान किती दिले हे सांगण्यासाठी कोरलेले ते आकडे भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक ठरले, आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अंकांचा इतिहास सांगताना नाणेघाटाचा उल्लेख होतो तो याच कारणाने. राणीला दानाचे मोल टिकवायचे होते, टिकले ते मोजण्याचे साधन. आणि ते साधन ज्यांनी घडवले त्यांच्यापैकी एकाचेही नाव इतिहासाला माहीत नाही. त्याच घाटात पाण्याची टाकी आहेत आणि त्यांपैकी एकावर ते सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचे अगदी थोडक्यात कोरलेले आहे. त्याचेही नाव राहिले हे खरे, परंतु त्याची ओळ पाण्याच्या कडेला आहे आणि वाटसरूने ती वाचली नाही तरी तहान भागत होती.

भगवानलाल यांच्या आयुष्यातही या प्रश्नाची एक वेगळी बाजू दिसते. जुनागडहून आलेला हा तरुण मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी काम करू लागला आणि देशभर हिंडून त्याने शिलालेखांच्या नकला आणल्या. त्या नकलांच्या आधारे भाऊ दाजींनी विद्वत्सभांपुढे निबंध वाचले आणि ते त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. भाऊ दाजी हे मुंबईतील गोरगरिबांचे डॉक्टर, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते आणि इतिहाससंशोधनाचे एक आरंभकर्ते होते, आणि त्यांचे वर्तन त्या काळच्या रीतीला धरूनच होते. त्यामुळे त्यांच्यावर लोकैषणेचा आरोप करणे अन्यायाचे होईल. तथापि कीर्तीची मांडणी कशी असते हे या उदाहरणावरून कळते. मोठ्या नावाभोवती काम आपोआप गोळा होते आणि लहान नावे त्यात विरून जातात, यासाठी मोठ्या माणसाने काही वाईट करावेच लागते असे नाही. भाऊ दाजी १८७४ मध्ये निवर्तले आणि त्यानंतर भगवानलाल यांचे निबंध त्यांच्या स्वतःच्या नावाने येऊ लागले. नाणेघाटावरील निबंध त्यांपैकीच आहे.

कीर्तीची इच्छा सगळीच दोषास्पद आहे का, याचे उत्तर देताना अ‍ॅडम स्मिथ याने केलेला एक भेद उपयोगी पडतो. अर्थशास्त्राचा जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विचारवंताने १७५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात स्तुतीची इच्छा आणि स्तुतीला पात्र होण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. स्तुती मिळाली नाही तरी आपण तिला पात्र आहोत या जाणिवेवर समाधान मानता येणे ही दुसरी इच्छा, आणि पात्रता नसली तरी स्तुती हवी असणे ही पहिली. म्हसा येथील बाजारात विकायला आणलेल्या बैलाची शिंगे रंगवलेली असतात आणि त्यामुळे बैल वाईट ठरत नाही, परंतु जाणता शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो आणि त्याला चालवून पाहतो. लोकांच्या बाबतीत ही परीक्षा अवघड होते, कारण थोर माणसात दोन्ही इच्छा एकाच वेळी नांदत असतात आणि बहुधा पहिली दुसरीच्या आड लपून वाढते. चांगले काम करणाऱ्याला आपण चांगले काम करत आहोत हे ठाऊक असते; लोकांनी ते ओळखले तर त्यात सत्याचीच कबुली आहे असे त्याला वाटते; आणि मग लोकांनी ते ओळखले नाही तर सत्याचाच अपमान झाला असेही वाटू लागते. या शेवटच्या पायरीवर माणूस केव्हा पोहोचला, हे त्याला स्वतःला कळत नाही.

सार्वजनिक काम करणाऱ्यांच्या बाबतीत याला एक व्यावहारिक कारणही आहे, आणि ते पुरेसे लक्षात घेतले जात नाही. संस्था उभी करायची तर पैसा लागतो, पैसा मिळवायचा तर विश्वास लागतो, आणि विश्वास एखाद्या नावावरच बसतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ स्थापन केला. संस्थेच्या कामाला आयुष्य वाहून घेणाऱ्या आणि त्याबद्दल फळाची अपेक्षा न ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांचे ते मंडळ होते, आणि नावातच ध्येय स्पष्ट होते. परंतु कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी आणि १९१६ मध्ये सुरू झालेल्या महिला विद्यापीठासाठी लोकांनी जे पैसे दिले, ते कर्वे या नावावरच्या विश्वासाने दिले. म्हणजे निष्काम माणसाला कामासाठी आपले नाव सतत लोकांपुढे ठेवावे लागत होते. त्याच विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. दात्याने स्वतःचे नाव न मागता आईचे मागितले, यात लोकैषणा आणि मातृऋण यांचे प्रमाण किती होते हे मोजण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. त्या १५ लाखांतून हजारो मुली शिकल्या, एवढे मात्र मोजता येते. कर्व्यांची थोरवी अशी, की संस्थेवर दुसऱ्याचे नाव लागले याची खंत त्यांच्या कामात कोठेही उमटली नाही. शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा ज्या नावाला तो सन्मान लाभला ते नाव त्यांनी स्थापलेल्या विद्यापीठाच्या दारावर नव्हते.

नावाचे आणि कामाचे नाते तोडण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झालेले आहेत. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ पत्रातून जी शतपत्रे लिहिली ती टोपणनावाने, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुणे सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकात शेती, महसूल, दुष्काळ अशा विषयांवर जे विपुल लेखन केले ते बहुतांशी स्वाक्षरीविना. या दोघांच्या अनामिकतेला निव्वळ सद्गुण मानणेही बरोबर नाही, कारण दोघेही सरकारी नोकर होते आणि राज्यकर्त्यांवर टीका करणारे लेखन उघडपणे नावाने करणे त्यांना सोयीचे नव्हते. परंतु सक्तीने आलेल्या अनामिकतेचाही एक गुण असतो: वाद नावाभोवती न फिरता मुद्द्याभोवती फिरतो. वारकरी परंपरेत तर याहून मोठा त्याग घडला आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो, त्याला नाममुद्रा म्हणतात, आणि वरवर पाहता ती लोकैषणेची खूण वाटते. पण नामदेवांच्या गाथेत त्यांच्यानंतरच्या अनेक शतकांतील कवींच्या रचना ‘नामा’ या मुद्रेखाली मिसळून गेलेल्या आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्या कवींना आपली रचना गायली जावी असे वाटत होते, आपले नाव गायले जावे असे नव्हे. त्यांतील कोण कोण होते हे आता कोणालाही वेगळे काढता येणार नाही, आणि त्यांची पदे आजही दिंड्यांतून म्हटली जातात.

रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जे भाषण केले, ते मराठी भूमीवर या विषयाची झालेली सर्वांत परखड चर्चा म्हणावी लागेल. रानडे, गांधी आणि जीना यांची तुलना करताना त्यांनी थोर पुरुष कोणाला म्हणावे याची मीमांसा केली आणि गांधी व जीना या दोन्ही नेत्यांवर असा आक्षेप घेतला, की त्यांच्या ठिकाणी अहंभाव प्रचंड आहे, स्वतःचे वर्चस्व त्यांना सर्वस्व वाटते आणि देशाचे राजकारण त्यापायी कुंठित झाले आहे. याला केवळ नेते जबाबदार नसून वृत्तपत्रे आणि अनुयायीही जबाबदार आहेत, हे त्यांचे म्हणणे तितकेच महत्त्वाचे होते. विभूतिपूजेने नेत्याला बिघडवण्याचे काम भक्तच करतात, आणि वृत्तपत्रे त्यांच्या हातात नगारा देतात. आंबेडकर हे या दोघांचे राजकीय प्रतिपक्षी होते आणि त्यांचा निवाडा वाचताना हे विसरता येत नाही. गांधीजींच्या ठिकाणी आत्मपरीक्षणाची जी तीव्र सवय होती तिला या भाषणात पुरेसा न्याय मिळाला, असे म्हणवत नाही. तरीही त्यांनी दाखवलेली कारणपरंपरा खरी आहे. माणूस जितका त्यागी, तितकी लोकांची भक्ती अधिक. भक्ती जितकी अधिक, तितकी त्याच्या चुकीला चूक म्हणणारी माणसे कमी. आणि अशी माणसे कमी झाली, की स्वतःचे मत आणि देशाचे हित यांतला फरक त्यागी माणसाला दिसेनासा होतो. पैशाच्या लोभ्याभोवती असे वलय तयार होत नाही, म्हणून त्याचा दोष लवकर उघडा पडतो.

आंबेडकरांनी यावर सुचवलेला उपाय नेत्यांनी अधिक नम्र व्हावे असा नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी राजकारणातील भक्ती हा हुकूमशाहीकडे नेणारा मार्ग असल्याचा इशारा दिला आणि कितीही थोर माणसाच्या पायांवर आपले स्वातंत्र्य वाहू नये, हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचे मत सभागृहापुढे ठेवले. लोकैषणा मनातून काढून टाकणे जवळजवळ अशक्य असेल, तर तिच्यामुळे काम वाकणार नाही अशी व्यवस्था उभी करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. रानड्यांचे स्वाक्षरीविना निघणारे त्रैमासिक, वारकऱ्यांची सामायिक नाममुद्रा आणि एका व्यक्तीच्या इच्छेवर न चालणारे संविधान या तीन गोष्टी वरवर अगदी भिन्न दिसल्या, तरी त्या एकाच कामाला लागलेल्या आहेत.

गाडगे महाराजांनी हीच व्यवस्था स्वतःच्या देहाभोवती उभी केली, असे म्हणता येईल. कीर्तनाला हजारोंचा जमाव जमवणाऱ्या या माणसाला लोकप्रियतेचे बळ पुरते ठाऊक होते आणि त्याचा उपयोग करून त्यांनी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पण ते कोणाला पाया पडू देत नसत, कोणाला शिष्य करत नसत आणि बांधलेल्या वास्तूंत स्वतःसाठी खोली ठेवत नसत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. गावात येताच हातातील खराट्याने रस्ता झाडणे ही जशी स्वच्छतेची शिकवण होती, तसाच तो येणाऱ्या भक्तीला दूर ठेवण्याचाही उपाय होता, कारण झाडणाऱ्या माणसाच्या गळ्यात हार घालणे लोकांना जमत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे नाव ग्रामस्वच्छता अभियानाला आणि अमरावतीच्या विद्यापीठाला दिले गेले, आणि जिवंतपणी टाळलेली कीर्ती मरणोत्तर त्यांच्यापर्यंत आली. रामदासांनी जी कीर्ती मागे उरावी म्हटले ती बहुधा हीच असावी: मागितलेली नव्हे, मागून आलेली.

आता सिद्धगडाकडे वळले पाहिजे. आंबेडकरांच्या त्या पुण्यातील भाषणाच्या केवळ १६ दिवस आधी, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, मुरबाड तालुक्यातील या गडाच्या परिसरात पोलिसांनी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. भाई कोतवाल या नावाने ओळखले जाणारे हे तरुण वकील १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मले होते. कर्जत परिसरातील वाड्यांवर त्यांनी शाळा सुरू केल्या आणि सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी शेतकऱ्यांच्या धान्यकोठ्या उभारल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता नावाचे भूमिगत पथक उभे केले. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडून कारखान्यांचा वीजपुरवठा तोडणे हे या पथकाचे मुख्य काम होते.

भूमिगत कामाचा स्वभावच लोकैषणेच्या उलट असतो. त्यात नाव सांगणे म्हणजे पकडले जाणे, आणि काम जितके चांगले तितके ते कोणी केले हे कमी लोकांना ठाऊक असते. वकिली आणि समाजकार्य यांच्या बळावर ज्याला माथेरान-कर्जतच्या मुलखात उघडपणे मान मिळत होता, त्याने अखेरचे काही महिने रानात निनावी काढले, ही गोष्ट कोतवालांच्या धैर्याइतकीच विचारात घेण्यासारखी आहे. त्यांचे नाव हुतात्मा म्हणून राहिले, सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला लोक जमतात, आणि ते सर्वस्वी योग्य आहे. हिराजी पाटलांचे नावही त्यांच्याबरोबर घेतले जाते, जरी बाहेरगावच्या पुस्तकांतून ते अनेकदा ओझरतेच येते.

परंतु सह्याद्रीच्या पायथ्याला, जेथे अनोळखी माणूस दुपारपर्यंत साऱ्या वाडीला माहीत होतो, तेथे एक सशस्त्र तुकडी गावकऱ्यांच्या मदतीशिवाय राहणे शक्यच नव्हते. भाकरी पोहोचवणारे, वाट दाखवणारे, पोलीस आल्याची वर्दी देणारे, आणि विचारल्यावर काही माहीत नसल्याचे सांगून मार खाणारे लोक त्यात असलेच पाहिजेत. सरकारी कागदांत नोंद होते ती पकडल्या गेलेल्यांची, खटला चाललेल्यांची आणि मारल्या गेलेल्यांची. ज्यांनी आपले काम इतके नीट केले की ते पकडलेच गेले नाहीत, त्यांची नोंद होण्याचे कारणच उरत नाही. त्या काळी जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या पुढे आहेत. कर्जत आणि मुरबाडच्या वाड्यांवर अशी जी काही वृद्ध माणसे अजून असतील त्यांच्याकडून, आणि ती नसतील तेथे त्यांच्या मुलानातवंडांकडून, घरात सांगितल्या गेलेल्या हकिगती लिहून घेण्याचे काम शाळा, ग्रंथालये आणि स्थानिक इतिहासाचे अभ्यासक करू शकतात, आणि ते याच काही वर्षांत व्हायला हवे. नाणेघाटातील राणीने आपल्या दानाची यादी स्वतः कोरवून घेतली; सिद्धगडाखालच्या माणसांनी दिलेल्या भाकरींची यादी दुसऱ्या कोणीतरीच करायची आहे.